आधी खालून फोटो मागा

आज दुपारपासून डोकं तापलंय आणि ते तापलेलं असतानाच लिहितेय. शांत झाले की मी हे लिहिणार नाही, आणि मग जे चाललंय ते तसंच चालू राहील.

झालं असं. लेगोच्या ठोकळ्यांच्या आगगाड्या बनवणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन ग्रुप आहे. तुमच्यापैकी बरेच जण त्यात आहात, त्यामुळे कुठला ते सांगत नाही. आज तिथे एका नवीन सदस्याने व्हिडिओ टाकला. लाल इंजिन, मागे चार डबे, फरशीवर पसरलेले रूळ. इंजिन सरळ रुळावर झकास पळतं, पहिलं वळण घेतं आणि त्याला लागूनच असलेल्या दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी मधला उघडा डबा आडवा होतो. बाकीची गाडी त्याच्यावर चढते. खाली एवढंच लिहिलेलं: 'नेहमी इथेच पडते. का?'

बस. इतका साधा, इतका नेमका प्रश्न.

आणि उत्तरं काय? 'सहा स्टड रुंदीची गाडी म्हणजे खेळणं, आधी आठची करायला शिक.' (स्टड म्हणजे ठोकळ्याच्या डोक्यावरचा गोल उंचवटा, गाडीची रुंदी आम्ही त्यातच मोजतो.) दुसरं: 'ठोकळे ओरिजिनल वाटत नाहीत, असलं इथे टाकू नये.' तिसरं: 'हजार वेळा चर्चा झालीये, आधी शोधायचं, मग विचारायचं.' चौथ्याने काही लिहिलंच नाही, नुसते हसण्याचे चेहरे टाकले, आणि त्याला सगळ्यात जास्त लाइक्स. 'का?' या एका अक्षराला उत्तर एकानेही दिलं नाही. मी काम उरकून उत्तर लिहायला बसले तर पोस्ट गायब. ज्याने टाकली त्यानेच काढून टाकली.

मला जुनी गोष्ट आठवली. माझ्या पहिल्या वाफेच्या इंजिनाला तीन आसांवर मिळून सहा मोठी चाकं होती. सरळ रुळावर ते इतकं सुरेख चालायचं की बघत बसावं. वळण आलं की खाड्कन बाहेर. मी प्रश्न विचारला तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका गृहस्थांनी एकच ओळ लिहिली: 'खालून फोटो पाठवा.' कौतुक नाही, उपदेश नाही, कुठले ठोकळे, किती रुंदी, काही नाही. मी इंजिन उलटं धरून फोटो काढला. त्यांनी त्यावर मधल्या दोन चाकांभोवती लाल गोल काढून परत पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ही दोन बिनकडेची लावून बघा.'

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने उभी कड असते, फ्लँज म्हणतात तिला. तीच चाकाला रुळावर धरून ठेवते. पण तीन आस एका ताठ सांगाड्यात एका रेषेत असले की घट्ट वळणावर पुढचं आणि मागचं चाक रूळ धरतं आणि मधल्या चाकाखालून रूळ बाजूला सरकतो. मधल्या चाकालाही कड असेल तर ती रुळावर चढते आणि इंजिन बाहेर पडतं. म्हणून मधलं चाक बिनकडेचं. खऱ्या वाफेच्या इंजिनांतही कितीतरी ठिकाणी हेच केलेलं आहे. लेगोने 2009 साली एमराल्ड नाइट हा संच काढला, त्यातही मोठ्या सहा चाकांपैकी मधली दोन बिनकडेचीच होती.

एका फोटोवर हे सगळं कळलं. आणि आज एका माणसाने फोटोच काय, अख्खा व्हिडिओ दिला होता!

आता त्या रुंदीबद्दल बोलते, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आलाय. 'आठ स्टड म्हणजे खरं प्रमाण' हे जे लोक ठासून सांगतात त्यांनी एकदा पट्टी घेऊन बसावं. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साडेसदतीस मिलिमीटर. खऱ्या रेल्वेच्या स्टँडर्ड गेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर. म्हणजे प्रमाण साधारण 1:38. एक स्टड आठ मिलिमीटरचा, आठ स्टड म्हणजे 64 मिलिमीटर. त्याला 38 ने गुणा, जेमतेम 2.4 मीटर येतात. खरा प्रवासी डबा तीन मीटरच्या आसपास रुंद असतो. रुळाच्या हिशेबाने डबा जवळजवळ दहा स्टडचा हवा. मग आठवाल्यांचं काय करायचं? त्यांनाही हाकलायचं का ग्रुपमधून?

आणि वळण? कंपनीच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या 40 स्टड, म्हणजे 320 मिलिमीटर. सोळा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. 1:38 ने मोठं केलं तर त्रिज्या होते बारा मीटर! बारा मीटरच्या वर्तुळात मेन लाइनचं कुठलं इंजिन वळतं ते मला कुणीतरी दाखवावं. आपण सगळेच तडजोड करतो. सहावाले करतात, आठवाले करतात, दहावाले तर सगळ्यात जास्त करतात, कारण त्यांचा डबा वळणावर शेजारच्या सिग्नलला धडकतो. तडजोड कुठे करायची हे ठरवण्यात तर या छंदाची सगळी गंमत आहे. कंपनीच्या स्वतःच्या बहुतेक गाड्या सहाच स्टडच्या आहेत, त्या काय खोट्या?

मान्य आहे, आठ स्टडची गाडी दिसायला भारदस्त असते. मी स्वतः आठचीच बनवते. पण म्हणून दुसऱ्याची सहाची गाडी हसण्यावारी न्यायची?

तो ओरिजिनल ठोकळ्यांचा मुद्दा. दुसऱ्याचं डिझाइन चोरून खोक्यात भरून विकणाऱ्यांवर माझाही राग आहे, तो वेगळा विषय, तिथे मी तुमच्या बाजूने. पण ज्याने ही कमेंट लिहिली त्याची लांबलचक मालगाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती ज्या रुंद, सुंदर वळणावरून जाते ते वळण कंपनीचं नाही. कंपनीने वर्षानुवर्षं एकच वळण दिलं, तेव्हा आपल्यासारख्याच हौशी लोकांनी मोठ्या त्रिज्येची वळणं बनवून विकायला काढली. 1991 ते 2007 नऊ व्होल्टच्या गाड्या होत्या, धातूच्या रुळांतून वीज घ्यायच्या. त्या बंद झाल्यावर तसे रूळ पुन्हा बनवायला घेतले तेही कंपनीबाहेरच्या लोकांनीच. वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं कंपनीकडे नव्हती तेव्हा एका चाहत्याने साचे करवून घेतले. ही सगळी चाकं, हे रूळ आपल्या 'शुद्ध' गाड्यांखाली आहेत. वरून ओरिजिनल, खालून सगळं मिळेल तिथून! आणि शुद्धतेचा धडा कुणाला, तर ज्याच्याकडे जे आहे त्यातून त्याने गाडी उभी केली आणि ती पळवली, त्याला?

त्या गृहस्थांनी मला ठोकळे कुठल्या कंपनीचे हे विचारलं असतं तर मी त्याच दिवशी ग्रुप सोडला असता. खरंच सोडला असता. तेव्हा माझ्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेले, कुणाचे कुणाचे जुने ठोकळे होते आणि अर्धे रूळ एका रंगाचे, अर्धे दुसऱ्या.

'आधी शोधा' म्हणणाऱ्यांनो, मलाही कंटाळा येतो तेच तेच प्रश्न बघून. येतो, नाही म्हणत नाही. पण तुम्ही शेवटचं कधी शोधून पाहिलंय? जुन्या चर्चा उघडा. 'या फोटोत बघा' असं लिहिलेलं आहे आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट. फोटो ज्या साइटवर होते त्यातल्या कित्येक केव्हाच बंद पडल्या. उत्तर आहे, पण ज्याकडे बोट दाखवलंय ते नाही. नवीन माणसाने तिथे काय शोधायचं? आणि 'मधला डबा वळणावर का पडतो' हे शोधायला नेमके कुठले शब्द टाकायचे हे ज्याला कळतं त्याला निम्मं उत्तर आधीच माहीत असतं. आज ती पोस्ट राहिली असती, खाली एक नीट उत्तर असतं, तर पुढच्या वर्षी विचारणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे व्हिडिओसकट काहीतरी असतं. तेही गेलं.

लिहिता लिहिता जरा निवळतेय. कारण त्या गृहस्थांचं पुढचं आठवतंय.

इंजिन वळायला लागल्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, बॉयलर गोल का दिसत नाहीये? मी म्हटलं, ठोकळे वरच्याच दिशेने लागतात, कडेला गोलाई कुठून आणू? त्यावर त्यांनी एक हिशेब लिहून पाठवला. चपट्या प्लेटची उंची 3.2 मिलिमीटर. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या तर सोळा मिलिमीटर. दोन स्टडची रुंदीही सोळाच. म्हणजे पाच प्लेटची थप्पी आडवी केली की ती दोन स्टडच्या जागेत फट न राहता बसते. मी तिथल्या तिथे पाच प्लेट जोडल्या, आडव्या करून दोन स्टडच्या ठोकळ्याला टेकवल्या आणि कडेवरून बोट फिरवलं. कुठेही बोट अडलं नाही. त्यानंतर मी ठोकळ्यांकडे फक्त खालून वर असं कधी पाहिलंच नाही. बॉयलरच्या पोटात स्टड चारही दिशांना तोंड करून बसवता येतात आणि बाहेरून गोल कवच चढवता येतं, हे मला एका अनोळखी माणसाने आपली संध्याकाळ खर्चून शिकवलं. मोबदला काही नाही. त्यांचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही.

हा छंद असाच चाललाय हो. 1995 साली जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने एलड्रॉ बनवलं, संगणकावर ठोकळे जोडून मॉडेल उभं करता यावं म्हणून. फुकट दिलं. 1997 मध्ये तो गेला. त्याचं काम लोकांनी पुढे नेलं. आजही कुणीतरी घरी बसून एखादा नवा तुकडा मोजतं, त्याची फाइल लिहितं, दुसरं कुणीतरी ती तपासतं, आणि तिसरं कुणीतरी त्यातून इंजिनाचा आराखडा काढून सगळ्यांना वाटतं. आपण सगळे त्यावर जगतोय. ज्यांनी आज 'आधी शिकून ये' लिहिलं त्यांचे आराखडेही याच भागांच्या फाइलींवर उभे आहेत. त्या फाइली उतरवून घेताना त्यांना कुणी विचारलं होतं का, तुमची गाडी किती स्टडची?

पुन्हा राग आला बघा.

त्या प्रश्नाचं उत्तर इथेच लिहिते, कारण तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला होता. उजव्या वळणाला लागूनच डावं वळण आहे, मध्ये एकही सरळ तुकडा नाही. अशा जागी एका डब्याचं टोक एका बाजूला फेकलं जातं आणि पुढच्याचं दुसऱ्या बाजूला. डब्यांना जोडणारं कपलिंग तिरकं ओढतं. त्यात उघडा रिकामा डबा मध्ये आणि भरलेले जड डबे मागे. पुढून इंजिन ओढतंय, मागून वजन धरून ठेवतंय, मधला हलका डबा वळणाच्या आतल्या बाजूला खेचला जाऊन उचलला जातो. दोन्ही वळणांच्या मध्ये एक सरळ तुकडा टाका, सोळा स्टडचा एकच पुरे. जड डबे इंजिनाला लागून लावा, रिकामा सगळ्यात शेवटी. खऱ्या मालगाड्याही लावताना हे पाहावं लागतं. एवढं करूनही पडली तर डबा उलटा करून बघा, खालची चाकांची जोडी दोन्ही बाजूंना मोकळी फिरते का. बऱ्याचदा एखादा स्टड किंवा पायरीचा कोपरा तिला अडवत असतो.

इतकंच होतं. रुंदीचा काहीएक संबंध नव्हता. ठोकळे कुणाचे याचाही नव्हता. हे मला कळत होतं, म्हणजे त्या चौघांना नक्कीच कळत होतं, ते माझ्यापेक्षा जुने आहेत. माहीत असून सांगितलं नाही, याचा मला जास्त त्रास होतोय.

ग्रुपचे ॲडमिन हे वाचत असतील तर एक मागणी. नियमांची यादी लांबलचक आहे, त्यात फोटो कसा असावा, रूळ झाकलेले असावेत की नाही, सगळं आहे. त्यात एक घाला: प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय गाडीवर शेरा मारायचा नाही. होईल थोडी कटकट, लोक म्हणतील आता बोलायचीही चोरी. म्हणू देत.

आणि त्या चौघांपैकी दोघं माझ्या मित्रयादीत आहेत. नावं घेत नाही. मला ब्लॉक करायचं तर करा, भांडायचं तर रात्री फोन करा, मी जागी आहे. पण त्याआधी त्या सदस्याला मेसेज करून सरळ तुकड्याचं सांगा. प्रोफाइल अजून ग्रुपमध्ये दिसतंय, मी आत्ताच पाहिलं.