काटा वर आला म्हणजे तेल पोहोचलं असं नव्हे

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की जुन्या ब्रिटिश गाड्या आवाज करणारच; ५० नंबरचं जाड तेल घातल्यावर तुमच्या १९६८च्या ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकलचा ऑइल प्रेशरचा काटा वर आला; इंजिनातून फिरून तेलाच्या टाकीत तेलही नीट परत येतंय. मग मी लोकांना घाबरवून इंजिन खोलायला का लावतो?

टॅपेटच्या, म्हणजे वरच्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या, टिकटिकीबद्दल माझी तक्रार नाहीच. थंड इंजिनाला इनलेटला २ आणि एक्झॉस्टला ४ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) गॅप ठेवला तरी ती थोडी राहते. पण थ्रॉटल सोडला की खालून ठकठक येते, असं तुम्हीच लिहिलंय. हा आवाज टॅपेटचा नाही. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक इंजिनाच्या खालच्या केसिंगवर टेकवून ऐका, मग एकेका प्लगची वायर अर्थ करून, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडून, बघा. ज्या बाजूची वायर अर्थ केल्यावर ठोका दबेल, त्या बाजूचा बिग एंड, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडला जातो तो सांधा, संशयित.

आता काट्याचं. गेज दाखवतं ते तेलाला होणारा अडथळा. बागेतल्या पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की आत प्रेशर वाढतं, झाडाला पाणी मात्र कमीच मिळतं. जाड तेलाने नेमकं हेच होतं. प्रेशर फार वाढलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल बिग एंडकडे न जाता परस्पर खाली जातं. त्याहून वाईट म्हणजे क्रँकमधली स्लज ट्यूब. या इंजिनाला तेल गाळायला फक्त जाळ्या आहेत. बारीक घाण क्रँकच्या फिरण्याने त्या ट्यूबमध्ये फेकली जाते आणि वर्षानुवर्षं घट्ट बसते. ट्यूब चोंदली की गेज, जे तिच्या आधी बसलेलं असतं, छान आकडा दाखवतं आणि बिग एंडचे शेल (आतल्या बेअरिंगच्या पातळ वाट्या) कोरडे पडतात. म्हणून काटा वर आणि ठोका तसाच, हे ऐकून मला जास्त काळजी वाटली.

टाकीत परत येणाऱ्या धारेवरही विसंबू नका. टायमिंग कव्हरमधलं क्रँकचं ऑइल सील फाटलं असेल, तर तेल क्रँकमध्ये न शिरता तिथेच सांडतं, आणि रिटर्न पंप तेही इमानदारीने उचलून टाकीत टाकतो.

इंजिन आधी खोला, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पुन्हा २०-५० तेल घाला, दुसरं खात्रीचं गेज लावा, इंजिन पूर्ण तापल्यावर आकडे घ्या. कंपनीच्या हिशेबाने चालताना ६५ ते ८० आणि आयडलला २० ते २५ पौंड (दर चौरस इंचाला) हवेत. कमी आले तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून साफ करा, तो बाहेरूनच निघतो. मग ते सील, मग तेलाच्या पंपातले व्हॉल्व्हचे बॉल तपासा. आकडे ठीक आणि ठोका कायम असेल, तरच क्रँक बाहेर काढायचा.

तोवर गाडी हायवेला काढू नका. शेल बदलणं परवडतं. तुटलेला रॉड इंजिनाचं केसिंग फोडून बाहेर येतो. तापलेल्या इंजिनाचे दोन्ही आकडे कळवा, मग पुढचं बोलू.