बरण्या आधी, जोडी शेवटी: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘तीस वर्षं मासे पाळतोय’ एवढंच लिहिलंय, त्यावरून काका म्हणतोय. काकू असाल तर राग मानू नका.)

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. ‘पाचशे रुपयांत फायटरची पिल्लं’ (फायटर म्हणजे बेट्टा मासा) हे माझ्या लेखाचं शीर्षक फसवं आहे. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक घालायला सांगणं म्हणजे त्यांना मारणं. नराने फेस केला (म्हणजे अंड्यांसाठी पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं) की जोडी तयार, हे अर्धवट ज्ञान. दीडदोनशे पिल्लं झाली तर पुढे त्यांचं काय करायचं, यावर लेखात एक ओळ नाही. आणि हीटर-फिल्टर हे सगळे चोचले. फायटर हा भातखाचरातला मासा, आम्ही तो लोणच्याच्या बरणीत वाढवला. शेवटी टोमणा, चेन्नईच्या कोलथूर भागातल्या मासे वाढवणाऱ्यांचं नाव घेऊन: ‘हे काम कोलथूरवाल्यांना करू द्या. तुम्ही दुकानातून एक आणा आणि बघत बसा.’

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मला लागला तो तोच.

माझी पहिली खेप ऑगस्टमध्ये निघाली. मोजता येत नव्हती, पण दीडशेच्या आसपास पिल्लं असावीत. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. दहाव्या आठवड्यात एकसष्ट उरली आणि त्यातले चौतीस नर निघाले. आता नर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. थायलंडमध्ये या माशाला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावरा मासा, आणि चावताना तो समोर सख्खा भाऊ आहे का हे बघत नाही. तीनचार दिवसांत काहींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसल्या. वेगळं ठेवायला माझ्याकडे भांडी होती दोन.

मग सुरू झाली आमच्या सोसायटीतली भिक्षांदेही. कोपऱ्यावरच्या बेकरीतून खारीच्या रिकाम्या बरण्या आणल्या, शेजारच्या काकूंकडून मधाच्या बाटल्या आणि आईची शेंगदाण्याची बरणी तिच्या नकळत. चौतीस बरण्या, प्रत्येकीत दीड लिटर, दिवसाआड पाणी बदलायचं. म्हणजे एका वेळी ५१ लिटर पाणी आदल्या दिवशी भरून, अँटिक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) घालून, बरण्यांच्याच तापमानाला आणून ठेवायचं. बायकोने बाथरूमच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं. त्यात माझं नाव सगळ्यात खाली होतं, माशांच्याही खाली.

तर काका, चूक कुठे झाली ते आता मला कळतंय. मी लेखात तयारी ज्या क्रमाने सांगितली तो क्रम दुकानातला आहे. दुकानात पहिल्यांदा दिसते ती जोडी: निळा नर, लाल मादी, आवडली, घेतली. मग टाकी, मग खाणं आणि बरण्यांचा विचार शेपट्या तुटल्यावर. हे सगळं उलटं मोजायला हवं होतं. घरात किती बरण्या मांडता येतात आणि त्यांचं पाणी बदलायला आपल्याला रोज किती वेळ आहे, हा पहिला हिशेब. बारा बरण्यांची जागा असेल तर बारा नर. म्हणजे फार तर तीसेक पिल्लं वाढवायची. तेवढ्यांना पुरेल इतकं जिवंत खाद्य, त्याला साजेशी टाकी, आणि जोडी सगळ्यात शेवटी.

तीसच पिल्लं हवीत असं माशाला कसं सांगणार, हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. सांगता येत नाही. दुसऱ्या खेपेला मी जोडीची मिठी (अंडी घालताना नर मादीला वेढतो ती) सुटल्यावर आणि मादी काढून घेतल्यावर घरट्याचा अर्ध्याहून जास्त भाग अंड्यांसकट चमच्याने उचलून टाकून दिला. वाचायला बरं वाटत नाही, करतानाही वाटलं नव्हतं. पण सहा आठवड्यांची, डोळ्यात डोळा घालून बघणारी पिल्लं जागेअभावी मरू देण्यापेक्षा ते बरं. आणि कोणी ‘गोदावरीत सोडून द्या’ म्हणेल तर ते अजिबात करायचं नाही. विहिरीतही नाही. महापालिका डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडते हे खरं, पण गप्पीही मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे; त्याच्या जोडीला आपण आणखी एक पाहुणा सोडायची गरज नाही.

बलकाबद्दल माफी. ती ओळ मी लेखातून काढली. मी स्वतः तो घातला होता, म्हणूनच लिहिलं होतं. त्यातून किती पिल्लं गेली ते लिहिलं नव्हतं. चिमूटभर बलक अठरा लिटर पाण्यात पडला की पिल्लं त्यातला कणभर खातात आणि बाकीचा तळाशी सडतो. त्यातून अमोनिया होतो आणि सकाळी टाकीला वास मारतो.

खरं तर पहिले दिवस काहीच घालायचं नसतं. अंडी साधारण दीड-दोन दिवसांत फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं घरट्याखाली शेपटी खाली करून स्वल्पविरामासारखी लटकलेली असतात आणि त्यांच्या पोटाला त्यांचा स्वतःचा बलक असतो. तो पुरतो. एखादं घरंगळलं की बाप त्याला तोंडात धरून परत घरट्यात थुंकतो. हे बघण्यासाठी मी दोन रात्री जागलोय आणि पुन्हा जागेन. पिल्लं आडवी पोहायला लागली की बापाला बाहेर काढायचं आणि तेव्हा खाणं हवं. ते डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं बारीक आणि जिवंत हवं. म्हणजे कोबीचं पान नाहीतर केळ्याची साल पाण्यात ठेवून केलेलं इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) आठवडाभर आधी लावलेलं पाहिजे, ओट्सच्या लापशीवरचे मायक्रोवर्म (बारीक पांढरे किडे) त्याच सुमाराला. त्यानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव; त्यांची सुकी अंडी घरी उगवायची: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, खालून जोरात हवा, वर दिवा, आणि चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी धूर उठल्यासारखी त्यांची पिल्लं. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात. बाजूने उजेड दाखवला की जिवंत पिल्लं तिकडे गोळा होतात, ती नळीने ओढायची, फडक्यातून गाळून गोड्या पाण्याने धुवायची. दिवसातून दोनदा ताजी. हे सगळं जोडी आणण्यापूर्वी एकदा करून बघायचं. मी आर्टेमिया पहिल्यांदा लावला तो पिल्लं भुकेली असताना, आणि तो उगवलाच नाही.

पाचशे रुपयांबद्दल वाद नाही. पाचशेला माझी टाकी आली होती, तीही जुनी. एअर पंप, स्पंज फिल्टर, हीटर, थर्मामीटर हे सगळं धरून खर्च साडेतीन हजारांवर गेला आणि आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा जोडीपेक्षा महाग पडला. शीर्षक बदललंय.

फेसाचंही तुमचंच खरं. वयात आलेला नर एकटा असला तरी फेस करतो. माझा एक नर तर माझ्या निळ्या टी-शर्टकडे बघून करायचा. त्यावरून मादी तयार आहे असं काहीच कळत नाही. तिचं पोट गोल हवं, पोटाखाली अंडी घालायच्या जागी पांढरा ठिपका दिसायला हवा, आणि नराला बघून अंगावर उभे पट्टे यायला हवेत. आडवे पट्टे असतील तर ती घाबरलेली आहे, थांबा. दोघांनाही आधी दहा-बारा दिवस वेगवेगळं ठेवून जिवंत खाणं द्यायचं. डासांच्या अळ्या उत्तम, पण डेंग्यूच्या दिवसांत गच्चीत बादली भरून अळ्या वाढवणाऱ्याला पालिकेची माणसं दंड करतील आणि शेजारी टाळ्या वाजवतील. तुम्ही लिहिलेली कंदिलाच्या काचेची युक्ती मात्र मला ठाऊक नव्हती. मादीला काचेत उभं ठेवून नराला ती दिवसभर नुसती दिसू द्यायची आणि मग काच अलगद वर उचलायची. मी दोन्ही बाजूंनी कापलेली पाण्याची बाटली वापरतो. ती सारखी आडवी होते.

आता जिथे पटत नाही तिथे येतो. हीटर चोचला आहे, हे मी ऐकणार नाही.

भातखाचर हे खरंच. चाओ फ्रायाच्या खोऱ्यातली खाचरं, दलदल, कालवे, तिथलाच हा मासा. पण खाचरातलं पाणी वीतभर खोल असलं तरी एकरभर पसरलेलं असतं, झाडोऱ्याने भरलेलं, आणि वर्षभर कोमट. लोणच्याच्या बरणीत त्यातलं फक्त ‘वीतभर’ येतं. मोठा फायटर वरची हवा घेतो म्हणून त्यात तग धरतो. तग धरणं आणि राहणं यात फरक आहे. पिल्लांना तर ती सोयही नसते. हवा घ्यायचा त्यांचा अवयव तीनचार आठवड्यांनी तयार होतो, तोवर पाण्यातला प्राणवायू हाच काय तो आधार. म्हणून स्पंज फिल्टर, अगदी मंद, बुडबुडे मोजता येतील इतका. घरटं असेपर्यंत तो बंदच ठेवायचा, नाहीतर फेस फुटतो. आणि वरून हवा घ्यायला सुरुवात केली की ती हवाही पाण्याइतकीच उबदार आणि दमट हवी.

मी नाशिकला राहतो. डिसेंबरात आमच्या हॉलमध्ये रात्री चौदा-पंधरा अंश असतात. गेल्या हिवाळ्यात पाणी २८ अंशांवर होतं, पण मी टाकीवरची काच चार बोटं उघडी ठेवून झोपलो. पुढच्या दोन दिवसांत महिन्याभराच्या पिल्लांपैकी एक तृतीयांश गेली. तेव्हापासून टाकीवर स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक ताणून बसवतो आणि काच त्यावर.

हीटरचीही एक गंमत लेखात राहून गेली होती. १८×१२ इंची टाकीत फायटरसाठी पाणी भरायचं पाचच इंच, म्हणजे अंडी खाली पडली तरी बापाला लांब जावं लागत नाही. उभा लावलेला हीटर त्यात अर्धा बाहेर राहतो. माझा तसाच राहिला, तापला आणि वरून पाण्याचा शिंतोडा पडल्यावर तडकला. उथळ पाण्यात हीटर तळाशी आडवाच हवा, तोही आडवा बुडवून चालणारा आहे ना हे बघून घेतलेला. हिवाळ्यात बरण्यांसाठी चौतीस हीटर कोण लावणार? सगळ्या बरण्या एका पसरट टबात उभ्या करायच्या, टबात गळ्याच्या खालपर्यंत पाणी आणि हीटर टबाला. हे मला आमच्या इमारतीतल्या एका शाळकरी मुलीने सुचवलं.

राहिलं कोलथूर. चेन्नईच्या त्या भागात घरोघरी मासे वाढवतात, माझ्याकडची पहिली जोडी तिथलीच असेल तर नवल नाही. त्यांच्यापाशी ऊन आहे, अंगण आहे आणि वर्षानुवर्षांचा हात आहे. मला त्यांच्याशी स्पर्धा करायचीच नाही. पहिल्या खेपेतले वीस मासे ओळखीच्या दुकानदाराने खाद्याच्या दोन पाकिटांच्या बदल्यात घेतले, बाकीचे मित्रांकडे गेले. सात नर अजून माझ्याकडे आहेत आणि राहतील. धंदा म्हणून हे आतबट्ट्याचंच आहे. पण नुसतं ‘आणा आणि बघत बसा’ केलं असतं तर तो तोंडात पिल्लू धरून घरट्याकडे निघालेला बाप मला दिसला नसता.

आता माझ्या गॅलरीत चौदा बरण्या आहेत, धुऊन वाळवलेल्या. आर्टेमिया दोनदा नीट उगवून झालाय. जोडी अजून आणलेली नाही.

तुमची ती कंदिलाची काच कुठे मिळाली तेवढं कळवा. रविवार कारंजावर दोन दुकानं पालथी घातली, दोघांनीही मला चार्जिंगचा कंदील दाखवला.