चोवीस पायऱ्यांचा दिवा

रात्री साडेअकराला घरातला शेवटचा दिवा बंद होतो आणि वाचणाऱ्याची परीक्षा सुरू होते. कागदी पुस्तकाच्या काळात ही परीक्षाच नव्हती. दिवा गेला, पुस्तक मिटलं, "राहिलेलं उद्या वाच" असा निकाल लागला. त्यावर अपील नाही. आता उशाशी दोनशे ग्रॅमची पाटी, म्हणजे ई-रीडर, असते आणि तिच्या पाठीत स्वतःचा दिवा असतो. म्हणजे अंधारात वाचता येतं. फक्त ते नीट वाचता यावं म्हणून जी तयारी लागते, ती झाल्यावर वाचायला फारशी रात्र उरत नाही.

"पाठीत दिवा" हे मी मुद्दाम चुकीचं लिहिलं, कारण सगळे तसंच म्हणतात. बॅकलाइट! विकणारेही म्हणतात. ई-रीडरच्या पाठीत उजेडाचं काहीही नसतं आणि असून उपयोगही नाही. ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात. प्रत्येकीत पारदर्शक द्रव आणि त्यात पोहणारे पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार तर दुसऱ्यांवर ऋण. मागून व्होल्टेज दिलं की एक जमात वर येते, दुसरी तळाला जाते. वर आलेली जमात वीज काढून घेतली तरी वरच बसून राहते. सत्तेचं हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. पण हा सगळा थर अपारदर्शक असतो. त्याच्यामागे दिवा लावणं म्हणजे भिंतीपलीकडे कंदील ठेवून भिंतीवरचं कालनिर्णय वाचण्यासारखं आहे.

म्हणूनच नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर, पहिलं किंडल, आलं ते दिव्याविना. उजेडात कागदासारखं दिसणार, तर अंधारातही कागदासारखंच वागणार, हे न्यायाचंच होतं. मग लोकांनी त्याला चिमट्याचे दिवे लावले. हा चिमटा नावाची वस्तू ज्याने वापरली नाही त्याला ई-वाचनाचा इतिहास कळणार नाही. त्याची मान नेहमी हवी त्याच्या दोन अंश पलीकडे थांबते. उजेड वरच्या उजव्या कोपऱ्यात दुपारच्या उन्हासारखा आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात अमावस्या. शिवाय दिव्याचंच प्रतिबिंब पडद्यावर, नेमकं ज्या ओळीत खुनी कोण ते सांगितलंय तिथे. सोनीने २००८ मध्ये पीआरएस-७०० या ई-रीडरमध्ये कडेला एलईडी बसवून पाहिले, पण उजेड कडेलाच घुटमळत राहिला. गाडी खरी रुळावर आली ती २०१२ मध्ये. आधी नूक या ई-रीडरचा ग्लोलाइट, मग शरद ऋतूत कोबो कंपनीचा ग्लो आणि किंडलचंच पेपरव्हाइट.

युक्ती अशी: पडद्याच्या वर एक पातळ पारदर्शक पत्रा. त्याच्या एका कडेला एलईडी. उजेड पत्र्यात आडवा शिरतो आणि आतल्या आत आपटत पुढे सरकतो. पत्र्यावर सूक्ष्म खाचा असतात. त्यांच्यावर आदळला की खाली, पानाकडे वळतो, पानावरून उलटून आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे हा दिवा आपल्याकडे बघत नाही, पानाकडे बघतो. मोबाइल आणि यात फरक असलाच तर एवढाच, आणि एवढा पुरेसा आहे.

पहिल्या पेपरव्हाइटच्या खालच्या कडेला असे चार एलईडी होते. त्यांचा उजेड एकमेकांत मिसळायच्या आधीच पान सुरू व्हायचं, त्यामुळे तळाशी उजेड-सावलीचे त्रिकोण दिसत. जुन्या संगीत नाटकाचे फूटलाइटच! शेवटच्या दोन ओळी वाचताना आता नांदी होणार असं वाटे. २०१८ मध्ये एलईडी पाच झाले आणि २०२१ च्या पेपरव्हाइटमध्ये सतरा, त्यात पिवळेही आले. त्रिकोण गेले. नाटकाचा शौक असलेल्यांची गैरसोय झाली.

आता त्या चोवीस पायऱ्या. किंडलवर वरून खाली बोट ओढलं की ब्राइटनेसची पट्टी येते, शून्य ते चोवीस. नवा माणूस विचार करतो, अंधार जास्त म्हणून दिवा जास्त, आणि पट्टी वीसवर नेतो. हा हिशेब नेमका उलटा आहे. पान आजूबाजूच्या उजेडाशी जुळवून घ्यायचं असतं. खिडकीशेजारी, दिवसा, पंधरा-वीस शोभतात, कारण ई-इंकचं पान स्वभावतः पांढरं नसतंच. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण चाळीस टक्केच ते परत करतं, म्हणजे वाण्याच्या पुडीचा कागद म्हणा. दिवसा दिवा लावला की त्या पुडीची वही होते. पण मिट्ट अंधारात तोच वीस म्हणजे टॉर्चमध्ये डोकावणं. तिथे चार-पाच पुरतात. आणि तेही कायम नाही. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे साडेअकराला योग्य वाटलेला पाच बाराला डोळ्यात खुपायला लागतो. मग तीन करायचा. २०१४ च्या किंडल व्हॉयेजमध्ये हे काम यंत्र स्वतःच करायचं, हळूहळू दिवा उतरवत न्यायचं. बहुतेक ठिकाणी आपणच वात खाली करायची. आजीच्या कंदिलाला चाकी होती, आपल्याकडे पट्टी आहे, एवढीच प्रगती.

दिवा वाढवण्याआधी अक्षर वाढवावं, हा माझा आग्रह आहे. देवनागरीत शिरोरेघ, वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर अशी चार मजली वस्ती असते. मंद उजेडात बारीक अक्षरातला "ष्ट" आणि "ष्ठ" यांतला फरक श्रद्धेवर सोडावा लागतो. इंचाला तीनशे ठिपक्यांचा पडदा असेल तर निभावतं. साधं किंडल २०२२ पर्यंत १६७ ठिपक्यांवर होतं, तिथे अक्षर दोन पायऱ्या चढवल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं? ती रात्री उघडूच नयेत. सहा इंची पडदा रुंदीला जेमतेम नऊ सेंटिमीटर आणि ए-फोर पान एकवीस, म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. त्यात मूळ कागद पिवळा पडलेला असतो, तो इथे राखाडी दिसतो. राखेवर राखेने लिहिलेलं. पान आडवं करून, समास कापून, पीडीएफचं कॉन्ट्रास्ट वाढवून दुपारी वाचावीत, डोळे आणि पुस्तक दोघांचंही वय लक्षात घेऊन.

पिवळ्या दिव्याबद्दल लोकांत दोन तट आहेत. हा उबदार उजेड कोबो ऑरा वनने २०१६ मध्ये आणला, किंडलमध्ये २०१९ च्या ओएसिस मॉडेलपासून आला. त्यालाही वेगळी पट्टी. पूर्ण टोकाला नेली की पान हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखं दिसतं. दहा-बारावर जुन्या पुस्तकाचा रंग येतो, तिथेच थांबावं. सूर्यास्तानंतर आपोआप पिवळं व्हायची सोय असते, पण ती यंत्राच्या घड्याळावर चालते. घड्याळ चुकलेलं असेल तर भर दुपारी हळद लागते.

झोपेचं शास्त्र मात्र जरा नीट वाचावं. "ई-रीडरने झोप उडते" असं ठणकावून सांगणारे बहुतेक जण ज्या अमेरिकन अभ्यासाचा हवाला देतात, तो २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात बारा जणांना झोपेआधी चार-चार तास, सलग पाच रात्री, पूर्ण ब्राइटनेसवर वाचायला लावलं होतं, आयपॅडवर. झोप लागायला त्यांना कागदी पुस्तकापेक्षा सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. पायरी तीनवरच्या ई-इंकचा त्यात संबंध नाही. झोप उडते ती पुढच्या प्रकरणाने, आणि त्याला पट्टी नाही.

काळी पाटी, पांढरी अक्षरं हा डार्क मोडही अनेकांना मोहात पाडतो. पण दिवा पानावर पडतच असतो, त्यामुळे काळं हे काळं न राहता ओल्या सिमेंटचं होतं आणि कडेचा उजेड उठून दिसतो. आधीच्या पानाची भुतंही, म्हणजे पुसट ठसे, तिथे जास्त रेंगाळतात. त्यांना घालवायला सेटिंगमध्ये पेज रिफ्रेश चालू करावं, तर पडदा पानापानाला काळा-पांढरा असा लखलखतो, चोक गेलेल्या ट्यूबलाइटसारखा. एक खरं, डार्क मोडमध्ये एकूण उजेड कमी पडतो आणि शेजारी झोपलेल्या माणसाला तो लाभतो. संसारात कोणाच्या डोळ्यांना प्राधान्य द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

उजेडाच्या पत्र्याचा एक स्वभावदोष म्हणजे तो काहीही लपवत नाही. पत्र्यावर बारीक ओरखडा असेल तर तिथून उजेड गळतो आणि पानावर चांदणी उगवते. पत्र्याखाली धुळीचा कण अडकला असेल तर काळा ठिपका. इंग्रजी वाचणाऱ्याला तो नुसता ठिपका. आपल्याकडे तो अनुस्वार होतो. प्रत्येक पानावर ठरलेल्या जागी कोणीतरी एक "वश" होण्याऐवजी "वंश" होतो, "रग" असलेल्याला "रंग" चढतो. कण आतला असेल तर पुसून जात नाही. नवं यंत्र आलं की म्हणून पहिल्याच रात्री खोली अंधारी करून, दिवा पूर्ण करून, कोरं पान तपासावं. बदलून घ्यायची मुदत संपल्यावर अनुस्वारासह नांदावं लागतं.

आसनांचं काय सांगावं! पेपरव्हाइटचं पॉवरचं बटण खालच्या कडेला असतं, आणि उताणं झोपून वाचणारा पाटी छातीवर टेकवतो ती खालच्याच कडेवर. एक दीर्घ श्वास घेतला की पडदा झोपतो. सुस्कारे टाकायला लावणारी कादंबरी या आसनात वाचता येत नाही. उपाय दोन: पाटी आडवी धरून पानही आडवं करून घ्यायचं, किंवा कुशीवर वळायचं. हात वर ताणून धरणं हा उपाय नव्हे. डुलकी लागली की दोनशे ग्रॅम नाकावर येतात, कव्हरसकट तीनशे. काही कोबो यंत्रांत डाव्या कडेवरून बोट वर-खाली केलं की ब्राइटनेस बदलतो. अंधारात फार सोयीचं, फक्त डावा अंगठा तिथे विसावला की मध्यरात्री एक टक्क्याचे शंभर होतात आणि सगळं घर उठून बसतं.

पाण्याचीही एक गंमत आहे. २०१८ पासूनचे पेपरव्हाइट दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर तग धरतात. विहिरीच्या तळाशी वाचन करणारे कोण असतील ते असोत. मे महिन्यात लाइट गेल्यावर कपाळावरून ठिबकणारा घामाचा एक थेंब मात्र टच पडद्याला बोटासारखाच वाटतो आणि पान उलटतं. दुसरा थेंब शब्दकोश उघडतो. उशाशी सुती रुमाल ठेवावा, वाचायला चष्मा लागतो तसा.

२०२१ च्या पेपरव्हाइटची बॅटरी दहा आठवडे चालते असं जाहिरातीत लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात अट: रोज अर्धा तास, वायफाय बंद, दिवा तेरावर. गुणाकार केला तर पस्तीस तास. ज्याला रोज अर्ध्या तासात पुस्तक खाली ठेवता येतं त्याला अंधारात वाचायचं यंत्र लागतंच कशाला? रोज तीन तास वाचणाऱ्याचे दहा आठवडे बाराव्या दिवशी संपतात, आणि ते नेमके तेव्हाच संपतात जेव्हा चार्जर दुसऱ्या खोलीत असतो.

पान काही मिनिटं उलटलं नाही की यंत्र समजतं, वाचक झोपला. मग दिवा आपोआप मालवतो. जड वैचारिक ग्रंथ वाचताना एकाच पानावर डोकं खाजवत बसलेल्यालाही ते झोपलेलाच धरतं. बरेचदा त्याचा अंदाज पाचेक मिनिटांनीच चुकलेला असतो. दिवा गेला तरी कुप्यांतले कण जागचे हलत नाहीत. पडद्यावर झोपतानाचं चित्र आलेलं असतं, ते वीज न खाता सकाळपर्यंत तिथेच थांबतं, उशीखाली, कोणी बघो न बघो.