टोपलीला झाकण लागतंच

मराठी माणूस धंद्यात मागे का, असं तिकडे महाराष्ट्रात कुणी विचारलं की दोन मिनिटांत खेकडे हजर. टोपलीला झाकण नको, एक वर चढला की बाकीचे त्याचे पाय ओढतात, वगैरे. सांगणाऱ्याचा आव असा की तो स्वतः टोपलीबाहेरच जन्मला.

निदान खेकड्यांना तरी सोडा. इकडे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या मोरेटन बे या उपसागरात खेकड्यांचे सापळे टाकणारा कुणीही ही गोष्ट ऐकून हसेल. माणशी 4 सापळे, आमिषाला मलेट माशाची मुंडकी. मादी परत पाण्यात. मड क्रॅबचा (चिखलातल्या खेकड्याचा) नर आडवा 15 सेंटिमीटर भरला तरच ठेवायचा, तेही माणशी 7. वर काढल्याबरोबर नांग्या अंगाशी दुमडून सुतळीने बांधतात. नाही बांधल्या तर दाटीत नांगीत येईल ते धरलं जातं, जाळी असो की शेजाऱ्याचा पाय. ओढ बसली की खेकडा तो पाय स्वतःच सोडून देतो. यात मत्सर कुठे आला? आणि झाकण लागतंच, ओल्या गोणपाटाचं. वेताच्या टोपलीतून खेकडे खुशाल चढून जातात. गुळगुळीत बादलीत एकटा ठेवला तरी अडकतो, पाय ओढायला कुणी नसताना. (हौशी मंडळी बादलीत पाणी भरतात. साचल्या पाण्यातला प्राणवायू संपतो नि सगळे मरतात.)

धोका असतो तो कवच टाकताना. त्याशिवाय खेकडा वाढत नाही, आणि नवं कवच कडक होईपर्यंत तो मऊ असतो. तेवढ्यात शेजारी त्याला खातात. म्हणून खेकडे पाळणारे एकेकाला वेगळा कप्पा करून देतात.

नोकरी सोडून कुणी पोळी-भाजी केंद्र काढलं की पहिले सहा महिने तेही असंच मऊ असतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, ‘आपल्या लोकांना नाही जमत.’ या वाक्यात एकही आकडा नसतो, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही. ते फक्त आत जाऊन बसतं. टीकाच करायची तर हिशेब विचारा. कच्चा माल विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो का? भाडं दहा टक्क्यांपलीकडे गेलंय का? डब्याचे पैसे महिनाअखेरीला येतात आणि भाजीवाला रोज रोख मागतो. मधल्या तीस दिवसांचे पैसे बाजूला काढलेत का? कित्येक केंद्रं बंद पडतात ती या तीस दिवसांच्या तंगीने, चव उत्तम असूनही.

इकडे तरी काय वेगळं? बाकीच्यांपेक्षा उंच वाढलेल्या पॉपीच्या फुलाचं मुंडकं छाटायचं, म्हणजे पुढे गेलेल्याला खाली आणायचं, हे इथलं आवडतं काम. फिलिपिन्समध्ये मनिलात आपल्या गोष्टीतला तोच खेकडा ‘तालांका’ (छोटा खेकडा) होतो. फक्त इकडे बढती मिळालेल्याला चारचौघांत बिअर पाजून टोमणा मारतात, मागून नाही. हे बरं, असं आम्ही म्हणतो. बाकी आपल्या गणपतीच्या पॉटलकला (ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) याल तर ऐकाल, खेकड्यांची गोष्ट सगळ्यात रंगवून आम्हीच सांगतो. तिच्यामुळे आमचं निघून येणं चढून येण्यासारखं दिसतं. मागे राहिलेला भाऊ, त्याचं नीट चाललेलं दुकान, आईच्या दवाखान्याच्या त्यानेच मारलेल्या फेऱ्या, हे त्या गोष्टीत कुठेच बसत नाही. तो फोनवर सहज ‘कधी येतोस?’ विचारतो, आणि आम्ही तिकडच्या ट्रॅफिकला नावं ठेवतो.