छडी परत आणली की चाकू थांबेल?

ऑगस्ट 2025 मध्ये अहमदाबादेत दहावीतल्या एका मुलाला शाळेतल्याच दुसऱ्या मुलाने भोसकलं, त्यात तो गेला. अशा बातमीनंतर आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘छडी गेली आणि चाकू आला.’ म्हणे कायद्याने मास्तरांचे हात बांधले, रागावलं तरी जेल, सयाजीराव महाराजांच्या काळी धाक होता, आम्ही मार खाऊनच घडलो. तेव्हा छडी परत द्या, नाहीतर जागोजागी कॅमेरे लावा.

छडी गेली कधी? शाळेत मारायला मनाई करणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 लागू झालं 1 एप्रिल 2010 ला. त्याआधी, 2007 मध्ये, केंद्र सरकारने बालशोषणाचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यातल्या 13 राज्यांत गुजरातही होतं. शाळेत जाणाऱ्या 65 टक्के मुलांनी मार मिळत असल्याचं सांगितलं. म्हणजे ज्या ‘सुरक्षित’ काळाचे गोडवे गातोय त्यात हिंसा होतीच. मारणारा मोठा माणूस होता, म्हणून तिला शिस्त म्हणायचे, इतकंच.

‘रागावलं तरी जेल’ हेही खोटं. कलम 17 मारहाण आणि मानसिक छळ यांना मनाई करतं, आणि त्यात सांगितलेली कारवाई सेवानियमांप्रमाणे होते. पालकांना बोलावून घेतलं, वही पुन्हा लिहायला लावली, म्हणून कुठल्या बाईंना पोलीस नेत नाहीत.

महाराजांना तर यात ओढूच नका. सयाजीरावांनी सक्तीचं मोफत शिक्षण 1893 साली अमरेलीत सुरू करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते राज्यभर नेलं. सक्तीत दंड होता, पण तो मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना! तेव्हाचे मास्तर छड्या मारत नसतील असं मी म्हणत नाही. पण महाराजांनी छडीची सक्ती केली नव्हती.

मार खाऊन घडलात, उत्तम. माराला भिऊन ज्यांनी शाळाच सोडली ते या ग्रुपवर नाहीत.

कॅमेरे? जून 2018 मध्ये आपल्याच शहरात नववीतल्या मुलाचा खून झाला तो शाळेच्या स्वच्छतागृहात, आणि पकडला गेला दहावीतला मुलगा. तिथे कॅमेरा कोण लावणार? लावूही नये.

खरा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच. अमेरिकेत सीक्रेट सर्व्हिस (राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणारी यंत्रणा) आणि शिक्षण खात्याने 1974 ते 2000 या काळातले शाळांवरचे 37 हल्ले तपासले. 2002 च्या त्यांच्या अहवालाप्रमाणे 81 टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय आहे हे आधी कुणाला तरी ठाऊक होतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बरोबरीची मुलंच होती. तिथे बंदुका असतात, आपल्याकडे तितक्या नाहीत, पण मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं हे दोन्हीकडे सारखंच. आता सांगा, बाजूच्याच्या दप्तरात चाकू पाहिलेला सातवीतला मुलगा छडीवाल्या सरांकडे जाईल? ‘तुला कसं ठाऊक? तूही त्यात होतास ना?’ पहिला फटका त्यालाच, आणि संध्याकाळी चाकूवाला बाहेर उभा. तो गप्पच बसणार. धाक वाढवा, मुलं आणखी गप्प बसतील.

पालकसभेत कॅमेऱ्यांच्या बजेटआधी हे विचारा: अशी गोष्ट सांगायला मुलाने कुणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव मुलांना माहीत आहे का, सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहतं का आणि त्याच दिवशी शाळा काय करते. 1098 हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर वर्गात लावलाय का, तेही पाहून या.