संशय आजीवर नाही, काकू

नमस्कार काकू,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, १२ वर्षांखालच्या मुलांना एकट्याने व्हिडिओ कॉल करू देऊ नका आणि त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. त्यावर तुम्ही लिहिलंत, "माझी नात मेलबर्नला. तिचे दात पडलेले मला फोटोतच दिसले. आता आजीवरही संशय घ्यायचा?"

कॉलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तो नियम मी मागे घेते. खरं तर आमच्याच घरात घडलेलं मला लिहिताना आठवायला हवं होतं.

माझी मुलगी ११ वर्षांची. गेल्या वर्षी एका गेमच्या चॅटमध्ये तिला कुणीतरी भेटलं. "मीपण सहावीत आहे," म्हणे. पंधरा दिवस नुसता खेळ. मग व्हॉट्सअॅप नंबर मागितला, मग शाळेच्या गणवेशातला फोटो, आणि मग, "आईला सांगू नकोस, ती फोन काढून घेईल." लेक माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. पण रोज रात्री ती साताऱ्याला माझ्या आईशी कॉलवर बोलते. पोर गप्प आहे हे आईने ओळखलं. खोदून काही विचारलं नाही. फोन भिंतीला टेकवून लसूण सोलत बसली. थोड्या वेळाने पोरीने सगळं सांगून टाकलं.

काकू, त्या माणसाने माझ्याबद्दल सांगितलं ते खोटं नव्हतं. त्याआधी एकदा मी खरंच फोन काढून घेतला होता. म्हणूनच ती माझ्याकडे आली नाही. आम्ही आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, मग त्याला ब्लॉक केलं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. इथे कुणाला गरज पडली तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. तुमच्या नातीकडे, ऑस्ट्रेलियात, अशी तक्रार ई-सेफ्टी कमिशनर या सरकारी कार्यालयाकडे करतात.

फोटोंच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. तो माणूस जो फोटो मागत होता, तसाच फोटो मी जूनमध्ये, शाळेच्या पहिल्या दिवशी, ६४ जणांच्या ग्रुपवर स्वतः टाकला होता. मागे शाळेची पाटीसुद्धा होती. त्या ६४ पैकी निम्म्यांचे नंबर माझ्याकडे सेव्ह नाहीत. फोटो एकदा तिथे गेला की कोण कुठे पुढे पाठवेल, आपल्या हातात राहत नाही. तुम्ही, आजोबा, मुलगा, सून असा चौघांचाच ग्रुप करा. दात पडलेला फोटो तिथे जरूर येऊ दे. शाळेचा बिल्ला किंवा पाटी दिसत असेल तर तेवढं कापायचं. आणि नातीला विचारून टाकायचा. ती नको म्हणाली तर नको.

तिकडच्या कायद्यानेही सोशल मीडिया आणि घरच्यांशी मेसेज-कॉल यांत फरक केलाय. १० डिसेंबर २०२५पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉकवर खातं ठेवता येत नाही, पण व्हॉट्सअॅप त्या बंदीत नाही. आजीचा कॉल कुणी तोडलेला नाही.

तुमची दुपार म्हणजे तिची संध्याकाळ. पुढच्या कॉलला तिला विचारा, सध्या कुठला गेम खेळतेस, कोणाबरोबर खेळतेस, मला दाखव. माझी आई आता रोज विचारते.