‘फरक फक्त वृत्तीचा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. भारत आणि इजिप्त हजारो वर्षांचे, तरी गरीब. कॅनडा, ऑस्ट्रेलिया दीडशे वर्षांचे, तरी श्रीमंत. स्वित्झर्लंडमध्ये कोको पिकत नाही, तरी चॉकलेट जगात भारी. जपानात ८० टक्के डोंगर, तरी महासत्ता. म्हणजे इतिहास, जमीन, खनिजं सगळं गौण. फरक फक्त माणसांच्या वृत्तीचा. शिस्तीचं, चोख कामाचं मोल मलाही कळतं. पण या मेसेजात आपल्याच आजे-पणज्यांना आळशी ठरवलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

कोकोचं उत्तर सोपं. आल्प्सची कुरणं आणि दूध त्यांच्याकडे आहे. १८७५ च्या सुमारास दानिएल पेटरनं मिल्क चॉकलेट जमवलं ते व्हवे गावात, आणि दुधाच्या पदार्थांवर काम करणारा हेन्री नेस्ले त्याच गावात राहायचा.

ऑस्ट्रेलिया दीडशे वर्षांचा? तिथे ५० हजारांहून जास्त वर्षं माणसं राहताहेत. त्यांची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावली, १८५१ मध्ये तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली. वय मोजताना मूळ रहिवाशांना वगळलं, तरच तो देश ‘नवा’ ठरतो.

आता जपान. डोंगर आहेत, हे खरं. पण क्यूशू आणि होक्काइदोत कोळसा होता, आशिओ आणि बेश्शीला तांब्याच्या खाणी होत्या. तुतीच्या पानांवर पोसलेलं रेशीम कित्येक दशकं त्यांची मोठी निर्यात होती. १८९५ मध्ये चीनला हरवून जपाननं २० कोटी टेल (टेल म्हणजे चांदी तोलायचं चिनी माप) चांदीची भरपाई वसूल केली. त्यातला काही पैसा यावाताच्या पोलाद कारखान्यात गेला. १९०१ मध्ये भट्टी पेटली, तेव्हा लोहखनिजही चीनमधल्या दाये खाणीतून येत होतं. याला ‘काहीच नसताना’ कसं म्हणायचं?

आणि आपण त्या वेळी हातावर हात धरून बसलो होतो का? मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ ची. जपानला आधुनिक करणारी मेइजी राजवट यायला तेव्हा १४ वर्षं बाकी होती. पण आयात कापडावर जकात बसताच इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली, आणि १८९६ पासून सरकारनं इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे उत्पादनावरचा कर, लादली. माझे पणजोबा परळला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांच्या साच्यावरून उतरलेल्या शंभर रुपयांच्या कापडामागे साडेतीन रुपये सरकारजमा होत, ते कापड मँचेस्टरच्या कापडापुढे स्वस्त पडू नये म्हणून. हे जवळजवळ ३० वर्षं चाललं. पणजोबांची वृत्ती बदलून तो कर माफ होणार नव्हता.

जपान शिकला म्हणून पुढे गेला, हेही ऐकवतात. मान्य. पण १८७२ मध्ये शिक्षण सक्तीचं करणारं सरकार त्यांचं स्वतःचं होतं. इथे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. १९११ मध्ये गोखल्यांनी त्यासाठी केंद्रीय कायदेमंडळात विधेयकच मांडलं. सरकारनं विरोध केला आणि मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. तोवर जपानातली बहुतेक मुलं शाळेत जाऊ लागली होती.